हळदीचा लाल डाग
साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, आणि मला लोणारचं सरोवर आठवतं. नवरा गेल्यापासून माझी धाकटी बहीण घराबाहेर पडली नव्हती, म्हणून मी तिला बुलढाण्याहून निघणाऱ्या एका दिवसाच्या सहलीला ओढून नेलं. खाली काठावर खाऱ्या पाण्याचा उग्र वास होता. गाइडनं तिच्या तळहातावर चिमूटभर हळद ठेवली आणि वर सरोवराचं पाणी टाकलं. हळद लालभडक झाली. "पाहा, झालं कुंकू!" तो म्हणाला. सोबतच्या बायका हसल्या, "लावा न बाई कपाळाले, फुकटचं हाय!" रिकामं कपाळ हल्ली कुणाच्या नजरेत भरत नाही, तिचा नवरा गेलाय हे त्यांना काय माहीत. बहिणीनं घाईघाईनं हात सरोवरातच बुडवून घासला, तर तळवा आणखी लाल झाला. मी पिशवीतून प्यायच्या पाण्याची बाटली काढली. "आण हात इकडे, या साध्या पाण्यानं लाली जाईल." तिनं मूठ मिटली. "राहू दे न ताई. घरी जाऊन धुणंच हाय मले." बुलढाणा येईपर्यंत तिनं ती मूठ उघडली नाही. आता डाग लाल झाला की त्यावर पाणी ओतायला मी जरा थांबते.