फादरांच्या खुर्चीतला सुतार

आमचे काका लाकडाशी गोड बोलत आणि माणसांवर खेकसत. फळी हातात आली की बोट वाकवून तिच्यावर टकटक करायचे, कान जवळ न्यायचे आणि सांगायचे, "ही आतून पोकळ आहे. नुसता रंग बघून भुलू नका." माणसांच्या बाबतीत एवढी चौकशी त्यांनी कधी केली नाही. वस्तीत लहानथोर सगळे त्यांना सुतारकाका म्हणत. लग्न केलं नाही. गल्लीच्या टोकाला वर्कशॉप, त्याच्या मागच्या खोलीत खाट, आणि जेवायला दोन्ही वेळा आमच्याकडे. "वहिनी, आज मीठ बरोबर पडलंय," असं म्हणाले की आईने समजायचं, आभार मानले.

कौतुक मात्र त्यांना चालत नसे. कुणी कामाची वाहवा केली की मान खाली घालून रंधा मारत बसायचे. आजी गेली तेव्हा तिची शवपेटी त्यांनी स्वतः केली. कोपऱ्यात सांधा दिसेना, पॉलिश असं की त्यात तोंड बघावं. "आईसाठी लेकाने काय पेटी केली हो!" म्हणून बायका डोळे पुसत होत्या आणि काका जमिनीकडे बघत उभे होते. मी तेव्हा कॉलेजात होते. मला वाटलं, केवढा हा विनय!

विनय कसला डोंबलाचा. आजी आमच्या घरी अंथरुणाला खिळली होती, ते सगळे महिने काका खोलीच्या उंबऱ्याच्या आत आले नाहीत. बाहेरूनच विचारायचे, "कशी आहे?" आणि उत्तर मिळायच्या आत चपला पायात घालायचे. पुढे पुढे तर कामाची घाई सांगून डबाच न्यायला लागले. त्या खोलीतला वास त्यांना सोसत नव्हता, आणि सोसत नाही हे कबूल करणंही सोसत नव्हतं. बाबा ट्रकवर, आठवडेच्या आठवडे बाहेर. राहिली आई. उचलणं, पुसणं, कूस बदलणं, भरवणं, चादरी धुणं, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. काकांचा डबा भरताना तिने त्यांना कधी एक शब्द ऐकवला नाही. तिच्या जागी मी असते तर डब्यात वरचा एक कप्पा त्यासाठीच ठेवला असता.

आता त्या कपाटाकडे येते. चर्चमध्ये पापनिवेदनाची लाकडी खोली असते, तिला काका कपाटच म्हणत. मधल्या भागात फादरांची खुर्ची आणि तिला दार. शेजारी पडदा, पडद्याआड गुडघे टेकायची फळी. दोघांच्या मधे लाकडी जाळी, तिच्यातून आवाज जातो, चेहरा दिसत नाही. दार बंद म्हणजे फादर आत बसलेत, उघडं म्हणजे नंतर या. ही खूण सगळ्यांना ठाऊक होती. दुसरी खूण मात्र आमच्या म्हाताऱ्या फादरांची स्वतःची. त्यांचा घसा कायमचा बसलेला. क्षमेची प्रार्थना ते इतकी हळू पुटपुटत की पलीकडे संपली की नाही ते कळत नसे, आणि माणसं गुडघ्यांवर ताटकळत राहत. म्हणून प्रार्थना संपली की फादर बोटाने लाकडावर दोनदा टकटक करायचे. म्हणजे झालं, ऊठ, शांतीने जा. त्यांचं एक ठरलेलं वाक्यही होतं. कुणी आपलं पाप सांगता सांगता नवऱ्याचं, जावेचं, शेजारणीचं सांगायला लागलं की आतून घोगरा आवाज यायचा, "आपलं तेवढंच सांग."

आजी जाऊन काही वर्षं झाली होती. कपाटाचं दार करकरायला लागलं, खुर्ची डुगडुगायला लागली, तेव्हा फादरांनी काकांना बोलावलं. शनिवारची दुपार होती. फादर एका आजाऱ्याला भेटायला गेले होते. काकांनी बिजागरीला तेल घातलं, जाळी घट्ट केली, खुर्चीच्या पायाला पाचर मारली. डुगडुग गेली का बघायला खुर्चीत बसले. करकर गेली का बघायला दार ओढून घेतलं. दार गुपचूप लागलं. काम चोख झालं होतं, आणि तेवढ्यात शेजारचा पडदा सरकला.

"फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलंय."

आवाज आईचा होता. 'अजून वाढू का, भाऊजी?' असं रोज विचारणारा. रांग लागायच्या आधी उरकून घ्यावं म्हणून ती लवकर आली होती, आणि दार बंद दिसलं म्हणून तिने गुडघे टेकले होते.

काका म्हणतात, ते लगेच बोलणारच होते. माझा त्यावर विश्वास आहे, कारण थापा मारायला लागणारं डोकं त्यांच्याकडे नाही. पण आई ते वाक्य इतकी वर्षं मनात घोळवत होती की तिने दम घ्यायलाही वेळ घेतला नाही. "मी माझ्या सासूबाईंना मरू दिलं," ती म्हणाली, आणि मग काकांना तोंड उघडायची सोय राहिली नाही.

"दुपारची वेळ होती, फादर. मी दारात भाजी निवडत बसले होते. आतून हाक आली. मी ऐकली, पण उठले नाही. म्हटलं, सकाळपासून उठबस करतेय, मारू देत हाका. जुडी संपेपर्यंत बसून राहिले. हाका थांबल्या तेव्हा मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आत गेले तर त्या गेल्या होत्या. सगळ्यांना सांगितलं, झोपेत गेल्या. त्यानंतर दर वेळी इथे येऊन बारीकसारीक सांगितलं आणि हे लपवलं. लपवून कम्युनियनचा पवित्र प्रसाद घेत राहिले."

मग ती रडायला लागली. काका अंधारात घामाने भिजले होते. काय म्हणणार? 'वहिनी, मी आहे, जरा खुर्ची बघत होतो'? आईने नाक ओढलं, वाट बघितली, आणि हळूच म्हणाली, "फादर?"

काकांचं बोट वाकलं आणि लाकडावर दोनदा वाजलं. ज्या बोटाने त्यांनी जन्मभर पोकळ आणि भरीव यांतला फरक सांगितला, त्याच बोटाने ते त्या दिवशी खोटं बोलले. आई "आमेन" म्हणाली आणि गेली. ती बाहेर पडल्याची खात्री झाल्यावर काका चर्चच्या मागच्या दाराने पळाले. हत्यारांची पिशवी तिथेच राहिली.

हे सगळं मला कसं ठाऊक, असं कुणी विचारेल. काही वर्षांनी आईनेच सांगितलं. "पाप माझं होतं, सांगायचा हक्कही माझा," म्हणाली. तिने सांगितल्यावर मग काकांनी त्यांचा वाटा सांगितला, तोही तिच्यासमोर.

पहिले काही दिवस काकांना नुसता राग आला. माझ्या आईला हाका मारत ठेवलं! ते ताटावर बसत, फणफणत, अर्धं टाकून उठत. आईला वाटलं, पोट बिघडलंय. ती त्यांच्यासाठी वेगळं, बिनतिखटाचं करायला लागली. आता ज्या बाईवर रागवायचं तीच पथ्याचं करून वाढते म्हटल्यावर राग किती दिवस टिकणार? आणि आई तर वेगळीच झाली होती. कपडे वाळत घालताना गुणगुणायची. बाबांची थट्टा करायची. रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेत कम्युनियन घेऊन परत येताना तिचा चेहरा असा उजळलेला असे की दोन बाक मागे बसलेले काका बुटांकडे बघत राहत. ती क्षमा समजून जे घेऊन चालली होती ते त्यांनीच तिच्या हातावर ठेवलं होतं, आणि ते नाणं खोटं होतं. हे जगात एकट्या त्यांना माहीत होतं. मला तेव्हा फक्त एवढंच दिसत होतं की काका बारीक होत चाललेत.

एका शनिवारी दुपारी जेवताना आई म्हणाली, "भाऊजी, तुमच्या हाताला यश आहे हो. ते दार आता जराही करकरत नाही. आणि तिथे गुडघे टेकले ना, की मन कसं हलकं होतं."

काकांचा घास तोंडातच राहिला. हात धुतले न धुतले आणि तडक चर्चला गेले. रांगेत उभे राहिले, आणि पाळी आल्यावर आपणच घट्ट केलेल्या जाळीपुढे गुडघे टेकले.

"फादर, मी तुमच्या खुर्चीत बसलो होतो," त्यांनी सुरुवात केली. "कुणीतरी आलं. मी बोललो नाही. सगळं ऐकलं."

"कोण आलं ते सांगू नकोस," फादर लगेच म्हणाले. "काय ऐकलंस तेही नको. जे कानावर पडलं ते तुलाही बाहेर काढता येणार नाही, जसं मला येत नाही. पुढे?"

"मी दोनदा टकटक केलं."

फादर बोलले, आणि त्या बसलेल्या घशातून एवढा राग निघेल असं काकांना वाटलं नव्हतं. "अरे, ती टकटक म्हणजे क्षमा नव्हे! माझा घसा चालत नाही म्हणून केलेली ती खूण आहे. क्षमा त्याच्या आधी असते. ती द्यायचा अधिकार माझ्याही घरचा नाही, मला तो सोपवलाय. आणि तू पाचर मारल्यासारखी ती खूण मारलीस?"

"फादर, तुम्हीच त्या व्यक्तीला बोलावून सांगा. मी नाव सांगतो."

"नाही. इथे ऐकलेलं घेऊन मी या दाराबाहेर एक पाऊल टाकणार नाही. उद्या तू रस्त्यात भेटलास तर मी हवापाणी विचारीन, हे नाही. देवाने त्या माणसाचे अश्रू बघितले असतील, ती काळजी देवाला. पण फसवलंस तू. सांगायचं तूच."

"शरमेने मरेल ती. मला तोंड दाखवणार नाही."

"आणि शरम वाटायला हवी ती कुणाला?"

फादरांचा आवाज जरा खाली आला. "आधी सांगून ये. मग मी तुला मोकळं करतो. आणखी काही? तुझं स्वतःचं?"

काकांनी जाळीच्या सांध्यावरून बोट फिरवलं. "नाही, फादर. एवढंच."

टकटक झाली नाही. ते तसेच उठले आणि आमच्या घरी आले.

आई ओट्यापाशी भांडी पुसत होती. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, आजीच्या खोलीबाहेर उभे राहायचे तसे. "वहिनी," ते म्हणाले, "मी दार दुरुस्त केलं त्या दिवशी फादर बाहेर गेले होते. खुर्चीत मी होतो. टकटक मी केली."

आईच्या हातातलं पातेलं ओट्यावर राहिलं. आधी तिच्या तोंडून निघालं, "म्हणजे माझं पाप अजून तसंच आहे." मग बाकीचं तिच्या लक्षात आलं. तिचे कान, मान, सगळं लाल झालं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"तुम्ही रोज इथे जेवत होतात," ती म्हणाली. "माझ्या हातचं. हे माहीत असून."

"हो."

"आणि मी तुम्हाला सांगत होते, मन हलकं झालं म्हणून."

"वहिनी, मी कुणाला बोलणार नाही. तुम्ही दमला होतात. तुमच्या जागी कुणीही..." काकांना समजूत घालायची सवय नव्हती, आणि ते लगेच दिसलं.

आई वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता. "मी त्या दिवशी एक गोष्ट सांगितली नाही, भाऊजी. लपवली म्हणून नाही. ती माझी नव्हती म्हणून. फादर म्हणतात ना, आपलं तेवढंच सांग." तिने फडकं खाली ठेवलं. "सासूबाई मला हाक मारत नव्हत्या. 'धाकट्या, धाकट्या' करत होत्या. तुम्हाला बोलवत होत्या. म्हणून मला राग आला. म्हटलं, करते सगळं मी आणि हाक त्याला. म्हणून उठले नाही."

काका दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. आईने त्यांना पाणीही दिलं नाही. इतक्या महिन्यांत उंबरा न ओलांडलेल्या त्या माणसाला लाजेने मान वर करता येत नव्हती, आणि ती वर करायला मदत करावी असं तिलाही वाटत नव्हतं. ते तिने मला प्रामाणिकपणे सांगितलं.

मग तिने हात पुसले, डोक्याला रुमाल बांधला. "चला," म्हणाली. "फादर अजून बसले असतील."

रांग संपत आली होती. आई पुढे, काका तिच्या मागे. आई पडद्याआड गेली आणि बराच वेळ आत राहिली. काका बाहेर उभं राहून स्वतः तेल घातलेल्या बिजागरीकडे बघत होते. शेवटी आतून दोनदा टकटक ऐकू आली.

आई बाहेर आली. काकांकडे तिने बघितलं नाही, पण पडदा सोडलाही नाही. तो एका हाताने त्यांच्यासाठी बाजूला धरून ती उभी राहिली.

"जा," ती म्हणाली. "माझं काही सांगू नका. आपलं तेवढंच सांगा."