हळदीच्या आदल्या दिवशीची सुई

"मले वाटलं, नवरदेवाची आजीच हाये," माझ्या भाच्याच्या साखरपुड्यात मुलीची आई माझ्या ताईकडे, म्हणजे नवरदेवाच्या आईकडे, बघून म्हणाली आणि वर फिदीफिदी हसली. मला तिथंच तिची शिसारी आली. ताईनं उभी हयात शाळेच्या मैदानावर पीटी शिकवली, नागपूरच्या उन्हात, शिट्टी फुंकत. गाल रापणार नाहीत तर काय होणार?

पण ताईच्या ते जिव्हारी लागलं. "मी आजी दिसून राहिली का वं?" रोज हेच. शेवटी एका स्किन क्लिनिकचा पत्ता तिनंच शोधला. तिथं चेहऱ्यात हायलुरॉनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं देतात. कातडी पाणी धरते, सुरकुत्या भरतात म्हणे. लग्नाच्या निदान पंधरा दिवस आधी या, असं डॉक्टरनं फोनवर बजावलं होतं. पण फेशियल कसं आदल्या दिवशी करतात, ताजं ताजं चमकावं म्हणून, तसंच हेही, असं ताईनं गृहीत धरलं. लग्न अजून महिनाभर लांब आहे, अशी डॉक्टरला चक्क थाप मारली आणि हळदीच्या आदल्या दिवशी मला सोबत नेऊन क्लिनिकच्या खुर्चीत बसली.

सुई आत गेली की कातडीखाली दाणा फुगायचा, भिजल्या साबुदाण्यासारखा. एकाशेजारी एक. शेवटी डॉक्टर म्हणाली, "आता काही दिवस चेहऱ्याला कोणाचा हात लागू द्यायचा नाही." ताईनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

आमच्यात हळद लागली की नवरदेव त्याच ओल्या हातांनी पहिले आईचे गाल माखतो. पोरगा हसत आला, दोन्ही तळवे पिवळे. ताईनं मान झटक्यात मागे घेतली. "हात नको लावू मले!" पोरगा खाली बसला आणि ती हळद त्यानं तिच्या पायांना लावली. ताईचे डोळे भरून आले. ते पुसायचीही सोय नव्हती.

हळद दोन्हीकडची एकाच हॉलमध्ये होती. विहीणबाई जवळ आल्या, ताईचे सुजलेले गाल निरखून म्हणाल्या, "अवं बाई, कशा जवान दिसून राहिल्या! मले बी सांगा नं, कुठं केलं?"

मला वाटलं, ताई आता तिला चांगलं सुनावेल. ताई खुलली. पायांवर पोराची हळद वाळत होती, आणि ती विहिणीला क्लिनिकचा पत्ता समजावून सांगत होती.