उपयोगाला न आलेलं करडू

माझ्या उजव्या गुडघ्याखाली पहिला पांढरा डाग आईला दिसला, तेव्हा मी तिसरीत होते. ती मला आंघोळ घालत होती. तांब्या हातात तसाच धरून ती थांबली. अंगठ्याने तिने तो डाग चोळला, पुन्हा चोळला, मग नारळाच्या शेंडीने घासला. मी रडायला लागले, तशी तीही रडायला लागली. डाग होता तेवढाच राहिला, भोवतालची कातडी मात्र लाल झाली.

तिच्या रडण्याचं कारण घरातच होतं. बाबांची धाकटी बहीण, माझी आते, आमच्याकडे राहायची. तिच्या बोटांवर, कोपरांवर आणि ओठांच्या कडेला कोड होतं. लग्न ठरता ठरता मोडलं होतं, आणि नंतर कुणी ठरवायलाही गेलं नव्हतं. ती बारा महिने मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायची, अगदी मे महिन्यातसुद्धा. घरात ती नारळ खवायची, तांदूळ निवडायची, भांडी घासायची; पण पाहुणे आले की वाढायला आई. हे कुणी ठरवलं होतं कोण जाणे. मी पाहते तेव्हापासून असंच होतं, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. मी झोपायचे आतेजवळ.

डाग दिसला त्या दिवसापासून माझं अंथरूण आईजवळ गेलं. आतेसाठी माळ्यावरचं जर्मनच्या पत्र्याचं वेगळं ताट खाली आलं. तिचा टॉवेल वेगळ्या दोरीवर वाळायला लागला. तो मात्र तिने स्वतःच वेगळा केला होता. बाबा ओटीवर पेपर वाचत बसले.

मग औषधं सुरू झाली. कुणीतरी सांगितलं म्हणून आईने बावचीचं तेल आणलं. ते लावून मला मागच्या अंगणातल्या खळ्यात उन्हात बसवायचे. डागावर फोड आले, फुटले, चिघळले. मासे बंद झाले, आंबट बंद झालं. आमच्याकडे मासे बंद म्हणजे जेवणच बंद झाल्यासारखं. मी भातावर डाळ ओतून घ्यायचे आणि शेजारून तळलेल्या बांगड्याचा वास यायचा.

शेवटी बाबा आम्हाला मालवणला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी पाय पाहिला, आतेबद्दलही विचारलं आणि म्हणाले, "हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवलात तरी लागत नाही. ते तेल बंद करा, पोरीचा पाय जाळून टाकाल." आईने मान हलवली. एस.टी.त बसल्यावर बाबा म्हणाले, "आयकलंस मां?"

"आयकलंय," आई म्हणाली. "डॉक्टर सांगतत ता खरां आसात. पण सोयरीक घेवन डॉक्टर येवचे नाय, लोक येतले."

तेल बंद झालं. ताट मात्र वेगळंच राहिलं.

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्या वर्षी शाळेला पुस्तकांची एक पेटी आली. त्यात चित्रांची पुस्तकं होती, मोठ्या अक्षरांची, गुळगुळीत पानांची. आमच्याकडे तोवर चित्रं म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. एका शनिवारी बाबांनी त्यातलं एक पुस्तक घरी आणलं आणि मला मांडीवर घेऊन वाचलं. घरात ते मालवणीत बोलायचे, पण वाचताना त्यांचा शाळेतला आवाज यायचा, त्यामुळे गोष्ट फार खरी वाटायची.

गोष्ट एका करडाची होती. सगळा कळप काळाभोर आणि या एकाच्या पाठीवर पांढरा डाग. बाकीची करडं त्याला चिडवतात. ते चिखलात लोळतं, चुलीतल्या राखेत लोळतं, डाग काही जात नाही. मग एकदा ते रानात चुकतं. अंधार पडतो. काळी करडं अंधारात दिसली नसती, पण याच्या पाठीवरचा डाग चांदण्यात चमकतो आणि त्याची आई त्याला शोधून काढते. शेवटच्या पानावर सगळी करडं म्हणतात, आम्हालाही असा डाग हवा होता.

मला ती गोष्ट इतकी आवडली की बाबांना ती मी पुन्हा पुन्हा वाचायला लावली. आई माजघरात वाती वळत होती. आते दाराआड उभी होती, तिची सावली मला दिसत होती. बाबांचं वाचून झाल्यावर ती म्हणाली, "माका दी बघया."

दोन दिवस पुस्तक तिच्याकडे होतं. मी खेळून आले की ती ते घेऊन बसलेली असायची. मी विचारलं, "आते, तुका आवडला?"

"चित्रां बरी आसत."

"आणि गोष्ट?"

तिने चांदण्याचं पान उघडलं. मग म्हणाली, "करडाचो डाग काळोखात उपेगाक पडलो, म्हणान सगळ्यांका बरो वाटलो. उपेगाक पडलो नसतो तर गो?"

मी आठ वर्षांची होते. मला वाटलं, पडला ना उपयोगाला, मग झालं.

पुस्तक सोमवारी शाळेत परत गेलं. त्यानंतर आतेने जुन्या कॅलेंडरची पानं सोडवली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायला घेतली. काळ्यासाठी कोळसा, पिवळ्यासाठी हळद, हिरव्यासाठी पाल्याचा रस. डागाला रंग लागलाच नाही, तेवढा कागद तिने मोकळा सोडला. तिचा हात चांगला होता. तुळशीपुढची तिची रांगोळी बघायला बायका यायच्या, लांबून बघून जायच्या. करडू आमच्याच वाडीतलं वाटत होतं, मागे आमच्या कुंपणाचा चिरेबंदी गडगा होता, काजूचं झाड होतं. पानं तिने सुईदोऱ्याने शिवली.

तिच्या पुस्तकात करडू चिखलात लोळलं, राखेत लोळलं. पण ते रानात चुकलंच नाही. शेवटच्या पानावर ते इतर करडांबरोबर गडग्याशी चरत होतं. त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

"पुढे काय झाला?" मी विचारलं.

"काय्येक नाय. ता चरता."

"पण त्येचो डाग?"

"आसा मां थयच. आसांदे."

मला पहिली गोष्ट जास्त आवडत होती, तसं मी तिला सांगितलंही. ती हसली आणि म्हणाली, "माका पण."

बाबांनीही ते पुस्तक पाहिलं. पानं उलटली, "बरां काढलंस" म्हणाले आणि खाली ठेवलं.

त्यानंतर काही दिवसांनी वाडीतल्या देवळात समाराधना होती. सगळी वाडी जेवायला जायची. आते कधीच जायची नाही, तिचं ताट घरी यायचं. त्या वर्षी ती आंघोळ करून बाहेर आली, तर तिने अर्ध्या बाह्यांचं पोलकं घातलेलं. ते तिने कधी शिवलं होतं, कुणालाच माहीत नव्हतं. तिचे कोपर मी पहिल्यांदाच उन्हात पाहिले. पांढरे, थोडे गुलाबी, लहान बाळाच्या कातडीसारखे.

आई म्हणाली, "वन्सं, ह्यां काय?"

"मी पण येतंय."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा चपला घालत होते, ते घालतच राहिले.

देवळात बायकांची पंगत ओवरीत बसली होती. आते मोकळ्या पत्रावळीवर जाऊन बसली आणि मी तिच्या शेजारी बसले. तिच्या पलीकडच्या बाईने आपली पत्रावळ उचलली आणि उठली. तिच्यापलीकडचीही उठली. जागा मोकळी झाली आणि कुणी ती भरली नाही. वाढणारा भात घेऊन आला, त्याने वरून हात न टेकवता घातला. आते खाली बघून भातात आमटी कालवत होती.

तेवढ्यात आई आली. समोरच्या ओळीतून उठून आली. मला वाटलं, ती आमच्याजवळ बसायला येतेय. तिने माझा दंड धरला आणि मला उठवलं.

"माका हयच जेवचा आसा," मी म्हटलं.

"गपचूप चल."

मी आईजवळ बसून जेवले. जेवले म्हणजे बसले. समोर आते दिसत होती. तिने सगळं खाल्लं, भात, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. मागून घेतलं नाही, पण पानात काही ठेवलं नाही. पंगत उठली तेव्हा उठली, हात धुतले, पत्रावळ स्वतः नेऊन टाकली.

घरी जाताना आई पुढे, मी मधे, आते मागे. दारात पाऊल ठेवल्याबरोबर आई तिच्याकडे वळली. "तुमचां झालां ता झालां. पण माझ्या चेडवाचां काय करूचा ठरवल्यात? लोकांनी दोघांका बाजूबाजूक बघल्यानी आता."

आते बाबांकडे बघत होती. मीही बघत होते. शाळेतल्या आवाजात त्यांनी करडाची गोष्ट वाचली होती, तो आवाज मला आता ऐकायचा होता. बाबा आईला म्हणाले, "जावंदे आता. पिवक पाणी हाड."

त्यावर आते आत गेली.

पुढच्या चैत्रात शिरोड्याच्या एका दूरच्या म्हाताऱ्या मावशीला सोबत हवी होती, आणि आते तिकडे राहायला गेली. बाबा पोचवायला गेले. आते जाताना आई रडली, खोटं रडली असं मला म्हणता येणार नाही.

माझे डाग वाढत राहिले. आधी दोन्ही पाय, मग बोटं. सातवीत असताना वर्गातली मुलगी माझ्या बाकावरून उठली, तेव्हा मी घरी येऊन सांगितलं नाही. सांगून काय होणार हे मला माहीत होतं.

आठवीच्या सुट्टीत मी हट्ट धरून शिरोड्याला गेले. म्हातारी मावशी अंथरुणाला खिळली होती. आते तिचं सगळं करायची. बाहेर माडांच्या वाडीत ती अर्ध्या बाह्यांनीच वावरत होती, कोळणी दारात येऊन तिच्याशी घासाघीस करत होत्या. मला फार आनंद झाला. मी विचारलं, "आते, तुझा ता पुस्तक खंय आसा?"

"बुरशी धरली पावसात. टाकून दिलंय."

"आणि आता तुका बरां वाटता? आसा तसा?"

ती मासे साफ करत होती. तिचे हात आता जवळजवळ पूर्ण पांढरे झाले होते. "सवय झाली गो," ती म्हणाली. "बरां वाटणां वेगळां. लोकांका पण सवय झाली. माका तेवढा पुरे जाता. तुका पुरे जायत काय नाय, माका म्हायत नाय."

तिने असं काही सांगावं म्हणून मी तिथवर गेले नव्हते. पण खोटं सांगितलं असतं तर मला कळलं असतं.

मी परत आल्यावर आईने बॅग रिकामी करता करता विचारलं, "जेवण कोण करी?"

"आते."

"आणि तू जेवलंस?"

"होय."

आई कपडे घेऊन विहिरीवर गेली. बाबा वर्षातून एखादी खेप शिरोड्याला घालत राहिले. आई कधीच गेली नाही.