घोट्याएवढ्या पाण्यातली पासेमेता

भर महासागरातल्या फुनाफुती या चिमुकल्या बेटावर पासेमेताला ओळखत नाही असा माणूस नाही. त्यात विशेष काही नाही, तिथे सगळेच सगळ्यांना ओळखतात. विशेष हे, की पासेमेताचे घोटे लंडन, टोकियो आणि ब्रसेल्समध्येही ओळखीचे झाले होते.

तिचं घर बेटाच्या अगदी चिंचोळ्या भागात. पुढे मोठा समुद्र, मागे आतला शांत समुद्र, आणि मधे रस्ता, घर, एक फणसाचं झाड आणि डुकराचं खुराडं. ते विलायती फणस, नीरफणस म्हणतात तसलं. फेब्रुवारीच्या मोठ्या भरतीला समुद्र दारातून आत यायची तसदी घेत नाही, तो खालून येतो. अंगणातली वाळू भाताच्या आधणासारखी बुडबुडायला लागते आणि बघता बघता घोटाभर खारं पाणी साचतं. एका वर्षी पासेमेता अशाच पाण्यातून डुकराचं पिल्लू काखेत मारून चालली होती, तेवढ्यात एक परदेशी माणूस कॅमेरा घेऊन धावत आला.

"याचं काय हरवलंय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

लोपाती दारात बसला होता. तो तरुणपणी जर्मन जहाजांवर खलाशी होता, म्हणून परदेशी माणसांबद्दल घरात त्याचाच शब्द शेवटचा. "काही हरवलं नाही," तो म्हणाला, "त्याला तू सापडलीस."

त्या फोटोला तिकडे मोठं बक्षीस मिळालं म्हणे. पिल्लाचा पुढच्या नाताळात समाचार घेतला गेला, पण पासेमेताला मात्र नोकरी लागली. बिनपगारी, बिनसुट्टीची. तिच्या बहिणीचा मुलगा निकोलासी नुकताच सरकारी खात्यात चिकटला होता आणि पाहुणे फिरवणं हे त्याचं काम होतं. हवामानबदल बघायला पाहुणे आले, की तो त्यांना थेट मावशीकडे आणायचा. विमानतळापासून स्कूटरवर पाच मिनिटं, रस्त्यात खड्डे कमी आणि मावशी कॅमेऱ्याला बिचकत नाही. आपत्तीनं आणखी किती सोयीचं असावं?

पाहुणे सगळे भले होते. कुणी समुद्राची पातळी मोजायला येई, कुणी आधीच्यांनी नीट मोजली होती का ते मोजायला. हॉटेलात कार्यशाळा होई. तिथे कोंबडीचं जेवण असे, म्हणून गावातले वडीलधारे बेटाच्या भवितव्याची चर्चा अतिशय मन लावून ऐकत. मग पाहुणे पासेमेताकडे येत, ती पाण्यात उभी राही आणि ते विचारत, "तुम्हाला काय वाटतं?"

"गुडघे दुखतात," पासेमेता सांगायची. "या गार पाण्यात उभं राहून जास्तच."

निकोलासी इंग्रजीत सांगायचा, "ती म्हणते, तिच्या पूर्वजांचे आत्मे रडतायत."

एकदा हे तिच्या धाकट्या मुलीनं, लुसियानं ऐकलं. लुसिया फिजीला शिकून आलेली, इंग्रजी तिला चांगलं येत होतं. ती हसत हसत घरात पळाली. पाहुण्यांच्या अहवालात लिहिलं गेलं की मुलीला भावना अनावर झाल्या.

"खरं का सांगत नाहीस रे?" संध्याकाळी पासेमेतानं निकोलासीला झापलं. "माझे पूर्वज बरे निजलेत तिकडे चर्चच्या मागे. त्यांना कशाला रडवतोस?"

"मावशी, गुडघ्यांना कुणी निधी देत नाही," निकोलासी म्हणाला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला नोकरी टिकवायची होती, एवढंच.

खरं सांगायचं तर सांगण्यासारखं बरंच होतं. तिच्या सासूनं खणलेल्या खड्ड्यातला पुलाका, तो आपल्या अळूच्या कंदाचा थोरला भाऊ, खाऱ्या पाण्यानं कुजून गेला होता. तेव्हापासून घरात जहाजानं येणारा तांदूळ आणि डब्यातलं मांस. त्यावर लोपातीची साखर इतकी वाढली, की दोन वर्षांपूर्वी त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जखम अजून भरत नाही, म्हणून रोज सकाळी पट्टी बदलायला दवाखाना. पुलाका गेला म्हणून एका संस्थेनं उंच पेट्यांत काकडी लावून दिली. उद्घाटनाला सहा भाषणं झाली आणि काकड्या आल्या चार. पण ही गोष्ट फोटोत नीट येत नसे. साखर दिसत नाही, पाणी दिसतं.

आणि त्या वर्षी नेमका पाऊसच पडला नाही. फुनाफुतीत नदी नाही, विहीर खारी. छपरावरून टाकीत पडेल तेवढंच गोड पाणी. पासेमेताच्या टाकीला तर तळाशी तडा गेलेला. समुद्राचं पाणी गोड करणारं यंत्र रात्रंदिवस घरघरत होतं आणि घरटी दोन बादल्या मिळत होत्या. चारी बाजूंनी पाण्यात बुडणाऱ्या बाईला आंघोळ तिसऱ्या दिवशी. प्रत्येक पाहुण्याला ती टाकी मागून चुकली होती. ते मान हलवून लिहून घेत आणि म्हणत, सध्या आमचा ऐकून घेण्याचा टप्पा चालू आहे.

अशात निकोलासी एका सकाळी घाम पुसत आला.

"मावशी, उद्या फार मोठे पाहुणे येतायत. स्वतःचं विमान घेऊन. बाराला उतरणार, तीनला उडणार."

"येऊ देत की."

"भरती पाचला आहे."

पासेमेता कपडे वाळत घालत होती. तिनं शांतपणे चिमटा लावला. "मग चंद्राला अर्ज कर."

"थट्टा नको गं. अंगण कोरडं ठणठणीत आहे. आमचे साहेब म्हणालेत, पंप लावून मागच्या समुद्राचं पाणी अंगणात सोडू. घोटाभरच. तासाभराचा तर प्रश्न आहे."

दारात बसलेल्या लोपातीला आधी हसू आलं. मग त्यानं बायकोचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं.

पासेमेता फणसाजवळ गेली. खड्डा गेला, काकडी गेली, खाण्याचं म्हणावं असं एवढं एकच झाड त्या अंगणात उरलं होतं. "समुद्र याच्या मुळाशी खारं पाणी आणतो, ते मी समजू शकते," ती म्हणाली. "त्याला अक्कल नाही. तुला तर तुझ्या आईनं शाळेत घातलं होतं."

मग ती खोडाला टेकून उभी राहिली.

"पाणी हवंय ना तुम्हाला माझ्या अंगणात? आणा. पण गोडं आणा. यंत्राच्या पाण्याचा टँकर आणा, नाहीतर उद्या मी दाराला कडी घालून नणंदेकडे जाते. तुझ्या पाहुण्यांना तू दाखव तुझे घोटे."

"मावशी, टँकर म्हणजे अख्ख्या आळीचं आठवड्याचं पाणी. ते अंगणात ओतायचं?"

"मी ओता म्हटलं का? आणा म्हटलं."

साहेबांनी अर्धा दिवस विचार केला. गेल्या दोन महिन्यांत आळीनं तीनदा टँकर मागितला होता, आणि गाडी नादुरुस्त आहे, डिझेल नाही, चालक सुट्टीवर आहे, अशी तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली होती. पाहुण्यांचं नाव निघताच गाडी दुरुस्त झाली, डिझेल सापडलं आणि चालकाची सुट्टी संपली. दुसऱ्या दिवशी अकराला टँकर फणसाखाली उभा.

पासेमेता पहाटेच आळीत फिरून आली होती. टँकर थांबला तशा बायका बादल्या, पिंपं, पातेली, मिळेल ते घेऊन आल्या. तिची नणंद तेमालिनी तर मुलांचा प्लास्टिकचा टब डोक्यावर घेऊन आली. चालक म्हणाला, मला अंगण भिजवायचा हुकूम आहे. तेमालिनी म्हणाली, "भिजेल की. भरताना सांडतंच थोडं," आणि तिनं तोटी उघडली.

साडेबाराला पाहुणे अंगणात आले. मुख्य पाहुणे खूप उंच होते आणि त्यांनी नवे कोरे रबरी बूट घातले होते. ते बूट घालून ते कोरड्या वाळूत उभे राहिले आणि इकडेतिकडे बघायला लागले.

"समुद्र कुठे आहे, असं विचारतायत," निकोलासी कुजबुजला.

"बाहेर गेलाय म्हणावं," पासेमेतानं बादली उचलत सांगितलं. "पाचला येईल. थांबायचं असेल तर थांबा. चहा केला असता, पण आमच्या वाटणीत चहाचं पाणी बसत नाही."

निकोलासीनं तोंड उघडलं. पूर्वज त्याच्या जिभेवर आलेच असतील, पण लुसिया पुढे झाली आणि तिनं आईचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. वर टाकीचा तडा सांगितला, बापाचा पाय सांगितला, आणि टँकर आज कुणामुळे आला तेही सांगून टाकलं. साहेब मधेच खोकायला लागले. बराच वेळ खोकले.

मुख्य पाहुण्यांनी बूट काढले, कदाचित पाय उकडले असतील, आणि तेमालिनीच्या टबाचा एक कान धरून तो तिच्या दारापर्यंत नेऊन दिला. फोटो अर्थातच त्याचा निघाला.

आठ महिन्यांनी जहाजानं आळीसाठी मोठी टाकी आली. तिच्यावर पाच संस्थांची चिन्हं आणि एक पितळी पाटी. छपराचं पाणी टाकीत आणणारी पन्हळ मात्र आली नाही. निकोलासीनं चौकशी केली तेव्हा कळलं की पन्हळ हा वेगळा घटक आहे आणि त्याची समिती अजून बसायची आहे. समिती बसेपर्यंत लोपाती बसला. खुर्ची रस्त्यावर मांडून, जहाजावरचा जुना आवाज काढून, त्यानं आळीतल्या बाप्यांकडून जुने प्लास्टिकचे पाइप उभे चिरून घेतले आणि चर्चच्या छपराला तारेनं बांधून घेतले. पन्हळ वाकडी झाली, पण पहिल्या सरीत टाकी वीतभर भरली. पुढे समितीचा माणूस आला, त्यानं ती मोजली आणि 'स्थानिक कल्पकता' या सदरात टाकली.

त्याच वर्षी बेटावरच्या लोकांना तिकडे राहायला नेण्यासाठी ऑस्ट्रेलियानं काढलेल्या सोडतीत लुसियाचं नाव निघालं. अर्ज सगळ्यांनीच केला होता, ज्या वडीलधाऱ्यांनी कार्यशाळेत आम्ही भूमी सोडणार नाही म्हणून टाळ्या घेतल्या त्यांनीही. पासेमेतानं केला नव्हता. लोपातीचा पाय इथे पुरलाय, तो कोण बघणार, असं ती सांगायची. ते कारण खरं की नुसतंच सांगायचं, हे तिनं कुणाला कळू दिलं नाही.

लुसिया निघाली त्या दिवशी भोंगा झाला, एरवी धावपट्टीवर चालणारा पोरांचा व्हॉलीबॉल नेहमीप्रमाणे थांबला, विमान उतरलं. पासेमेतानं लेकीच्या गळ्यात फुलांचे हार घातले, सुक्या माशांचं पुडकं हातात दिलं.

"तिकडे काय काम देणार?"

"म्हाताऱ्यांची सेवा करायची, आई. एका आश्रमात."

"बरं आहे," पासेमेता म्हणाली. "इथल्या म्हाताऱ्यांना समुद्र आहेच."

लुसिया रडायला लागली. पासेमेताचेही डोळे भरले. त्याच विमानानं आलेला एक तरुण कॅमेरावाला ते बघून लगबगीनं पुढे आला आणि हातांच्या खुणांनी विचारायला लागला, एक मिनिट, असंच उभं राहाल का?

"आज सुट्टी आहे," पासेमेता म्हणाली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. त्याला भाषा कळली नाही, पाठ कळली. विमान ढगात जाईपर्यंत ती तशीच उभी होती. मग तिला आठवलं, दवाखाना बाराला बंद होतो आणि लोपातीची पट्टी अजून बदलायची आहे. तिनं स्कूटरला किक मारली.