प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी

पवनी तालुक्यातल्या आमच्या गावात बारावी सायन्सच्या पोरांसाठी एक वेदवाक्य होतं: बोर्डात पास झालं का बस, खरी परीक्षा सीईटी. मास्तर सांगत, किराणावाला सांगे. ज्याचा इंजिनिअरिंगला नंबर लागला नव्हता, तो तर जास्तच ठासून सांगे.

मीही मानलं. मला कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचं होतं आणि मोबाइलवर चार पर्यायांतला एक निवडण्यात मी तरबेज झालो होतो. उत्तर कसं आलं हे बोर्डाच्या पेपरात पायरी-पायरीनं लिहावं लागतं, ते शिकवायला मात्र कोणी नव्हतं. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची जागा रिकामी होती. जीवशास्त्राचे सर आमचा तास घेत. माणूस प्रामाणिक. प्रकाशाचा धडा उघडून म्हणत, "हे तुम्ही वाचून घ्या. मलेही वाचाच लागते."

प्रयोगशाळेचं कुलूप वर्षातून एकदाच, बाहेरचे परीक्षक येत त्या दिवशी उघडे. आमची प्रयोगाची पद्धत अशी: आधी आलेखावर सरळ रेघ मारायची, मग तिच्यावर बसतील असे आकडे लिहायचे. काटा हलला की नाही, हे कोण बघतो? तोवर परीक्षक जेवायला बसलेले असत. गावरान कोंबडा आणि चिन्नोर तांदळाचा भात. निघताना चिन्नोरची एक थैली गाडीत जाई आणि सगळ्या वर्गाला प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी मिळत. आमच्याकडे विज्ञानाची सेवा कोंबड्यानं जेवढी केली, तेवढी सरकारनं केलेली नाही.

सीईटीत मला चांगले पर्सेंटाइल पडले. बाबांनी गावभर पेढे वाटले आणि मला घेऊन प्रवेशाची कागदपत्रं तपासून घ्यायला भंडाऱ्याला गेले. काउंटरवरच्या मॅडमनी बारावीची मार्कशीट पाहिली, कॅल्क्युलेटर दाबला, पुन्हा दाबला.

"फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून जेवढे टक्के लागतात तेवढे नाहीत याचे. फिजिक्सनं खाल्लं."

"पण मॅडमजी, सीईटीत तं चांगले हायेत!" बाबा म्हणाले.

"ते नंबर लागाले कामी येते, काका. आधी पात्र तं व्हा लागते."

परतीच्या एसटीत बाबा मार्कशीट पुन्हा पुन्हा उलटून पाहत होते. अड्याळ आलं तेव्हा म्हणाले, "पेढे कायले वाटले मी?"

मी संतापलो. 'शिक्षक द्या' असं पत्रक लिहिलं, झेरॉक्स काढल्या, शिक्षण खात्याच्या साहेबांपुढे एक ठेवली. साहेबांनी शांतपणे वाचली.

"तुमच्या कॉलेजचा निकाल पाह्यला काय? सगळे पास. मंग तक्रार कायची? पोरं नापास झाले असते तं प्रस्ताव पाठवला असता."

म्हणजे चूक आमचीच. नापास व्हायचं सोडून आम्ही कोंबडा रांधला.

मग श्रेणीसुधारासाठी पुन्हा बारावी. धानाची रोवणी सुरू झाली तरी आईनं मला बांधीतल्या चिखलात उतरू दिलं नाही. "तू फिजिक्स कर," म्हणे. केलं. पुस्तकातली एकेक सिद्धता हातानं लिहून काढली. बोर्डाचे गुण वाढले, मी थाटात पात्र झालो. आणि त्या वर्षीच्या सीईटीत, लागलेल्या सवयीनं, मी कच्च्या कागदावर पायऱ्या लिहीत बसलो. वेळ संपला तेव्हा कितीतरी प्रश्न उघडलेही नव्हते.

यादी लागली. मी मोबाइल बाबांच्या हातात दिला. कॉम्प्युटर नाही. सिव्हिल.

"सिव्हिल म्हंजे?" बाबांनी विचारलं.

"रस्ते, पूल."

"आन् कम्प्युटर काहून नाही?"

"सीईटी कमी पडली."

"मांगच्या वर्षी?"

"फिजिक्स."

बाबांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. "मंग हे घेऊन टाक बाबू. अजून काही कमी पडाच्या आधी."

मी जागा पक्की केली.