वरच्या ओळीतलं नाव

२००४ साल. मी त्रेसष्ट वर्षांचा. इंग्लंडात, स्लाऊला, घरसामान हलवणाऱ्या एका जपानी कंपनीच्या गोदामात रॅक सांभाळत होतो. इकडे नोकरीला आलेली जपानी कुटुंबं जास्तीचं सामान आमच्याकडे ठेवत. माझी शाळा चौथीत सुटली, पण कुणाचं खोकं कुठं आहे ते मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

प्रत्येक घराचं एक कार्ड. त्यावर नाव त्यांच्या मोठ्या, चित्रांसारख्या अक्षरांत, आणि वर एका बारीक ओळीत ते नाव म्हणायचं कसं, ते सोप्या जपानी अक्षरांत. ही सोपी अक्षरं मला ऑफिसातल्या एका जपानी कारकुनाने डब्याच्या सुट्टीत शिकवली. त्यांचा क्रम ऐकून मी हसलोच. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. आपलीच मुळाक्षरं, मधली काही गाळलेली. "हा क्रम बौद्ध भिक्षूंबरोबर तुमच्याकडूनच आला," तो म्हणाला. मग मी रॅकही त्याच क्रमाने लावले. कारकून मायदेशी गेला, रॅक माझे राहिले.

त्या साली कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग पुण्याची एक बाई. चाळिशीची, जपानी शिकलेली, मला काका म्हणणारी. कॉम्प्युटरात नावं आधीच कुणी तरी भरली होती, पण नुसती मोठ्या अक्षरांत. त्यांची यादी लावायची आणि इंग्रजीत नाव छापायचं, हे तिचं काम. यादी येईल तशी वेडीवाकडी येत होती.

"अहो काका, पूर्व दिशेचं एक अक्षर आहे. एक घर त्याला हिगाशी म्हणतं, दुसरं अझुमा. मशीन आपलं सगळ्यांना हिगाशी करून टाकतंय."

"मग मशीनला विचार."

"मशीन म्हणतं काकांना विचार! जुनी कार्डं मिळाली ना, की मी सुटले. वरची ओळ टाईप केली की यादी आपोआप लागते."

"कार्डं होय? ऑफिस हलवलं तेव्हा कुठं गेली कुणास ठाऊक."

कार्डं माझ्या घरी होती. ती ओळ एकदा मशीनमध्ये गेली की गोदामात माझं काय राहिलं? म्हणून बाई आली त्या पहिल्याच आठवड्यात तीन खेपांत कार्डांच्या तिन्ही पेट्या पिशवीतून आणून पलंगाखाली सरकवल्या होत्या.

"म्हातारपणी चोरी सुचली का?" बायको म्हणाली.

"चोरी कसली? माझ्या हातची लावलेली आहेत."

"लावलेली तुमची. नावं कुणाची?"

मी पेपर तोंडासमोर धरला.

पंधरवड्याने एक जपानी म्हातारी आली. नवरा वारलेला, ती कायमची परत निघालेली. मी मागे ट्रक उतरवत होतो. इकडे दुसऱ्या कामगारांनी कॉम्प्युटरच्या छापील कागदावरून तिला खोकी काढून दिली, ती दुसऱ्याच घराची. दोन्ही घरांच्या नावाचं अक्षर एकच. तिने एक खोकं उघडलं तर आत लहान मुलांचे बूट. तिने झाकण परत लावलं. मग कमरेत वाकून तिनेच आमची माफी मागितली, त्रास दिल्याबद्दल. साहेबाने सगळ्यांदेखत पुण्याच्या बाईला झापलं. मी येऊन म्हातारीची खरी खोकी पाच मिनिटांत काढली.

"तुम्ही होतात म्हणून बरं, काका," बाई म्हणाली. डोळे लाल झाले होते तिचे.

शाबासकी मला आयुष्यात फार मिळाली नाही. ही मिळाली ती घशाखाली उतरेना. घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग?" तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्या मिनीकॅबमध्ये घातल्या. आधी साहेबाकडे गेलो आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, काल तुम्ही ओरडलात ते चुकीच्या माणसावर. मग बाईच्या शेजारी खुर्ची ओढली, पहिलं कार्ड काढलं आणि वरची ओळ मोठ्याने वाचायला लागलो.