गाजरगवताची इर्जिक

रिठदच्या शिवारात गाजरगवत देवाला भीत नाही, तणनाशकाला भीत नाही, पण माझ्या धुरेकऱ्याला भितं. धुरेकरी म्हणजे ज्याच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, आपल्या शेताला लागून आहे तो माणूस, आणि आमच्या वऱ्हाडात तो सहसा भांडायच्या कामी येतो. माझे धुरेकरी म्हणजे आमचे काका; ते मात्र धुऱ्यावरून कधी भांडले नाहीत. माझ्या बाजूचं गाजरगवतसुद्धा तेच उपटायचे आणि वर मलाच दम द्यायचे, "फुलावर येऊ देल्लं कायले? एक झाड फुललं का साऱ्या गावाले खाज सुटते."

पोरांचे शाळेतले जुने मोजे हातांवर चढवून ते बारा महिने हिंडतात. पोरं पुण्याला नोकरीला, काकू जाऊन काही वर्षं झालेली. घरात मोजे तेवढे उरले. मोज्यांसकट रामराम करतात. रिसोडच्या स्टँडवर भिंतीकडेला गाजरगवत दिसलं म्हणून वाकले, तोवर एसटी निघून गेली. मग सगळी भिंत साफ करूनच जीपने घरी आले. एका लग्नात तर कहर केला. नवरदेवाच्या हातातल्या गुच्छात गाजरगवतासारखी बारीक पांढरी फुलं होती. काका स्टेजवर चढले, नेमकी तीच वेचून काढली, खिशातल्या प्लास्टिकच्या पन्नीत बांधली आणि नवरीला म्हणाले, "आता कर संसार बाई, दमा नाई होनार." नवरदेवाकडे उरल्या काड्या. बरं, चुकत नाहीत असंही नाही. शेजारणीची शेवंती कळ्या धरायच्या आत अख्खी उपटली, कारण पानं सारखीच दिसतात. ती बिचारी रडकुंडीला आली, तर हे म्हणतात कसे, "शेवंती होती तं पाटी लावाची ना."

पण फवारा मारा म्हटलं की चिडायचे. मला तो निव्वळ हेकटपणा वाटायचा. एकदा खोदून विचारलं तेव्हा जुन्या निंदण-खुरपणीची आठवण काढत म्हणाले, "निंदनाले बायामानसं पात धरून बसत, गोठी सांगत, एकमेकाची उनीदुनी काढत. फवारनीवाल्याच्या तोंडाले फडकं असते. त्याच्यासंग बोलू काय?"

यंदा त्यांच्याच शेतात गाजरगवत माजलं, आणि त्यांनी इर्जिक बोलावली. म्हणजे सगळ्यांनी शेतात येऊन गाजरगवत उपटायचं, मजुरी नाही, जेवण त्यांचं. गावात अशी इर्जिक कित्येक वर्षांत झाली नव्हती. घरोघर सांगून आले. सकाळपासून गोवऱ्यांच्या धगधगत्या जगऱ्यात कणकेचे जाड रोडगे भाजले, मोठा गंज भरून वांग्याची भाजी केली. "येतो, येतो" म्हणालेले सगळे आपापल्या सोयाबीनवर फवारणीला निघून गेले. एकटा मी पोचलो. काकांनी मोज्यांची दुसरी जोडी माझ्या हातात दिली आणि रस्त्याकडे पाठ करून कामाला बसले. मला फार वाईट वाटलं. चार माणसांचं बोलणं मी एकटाच बोलत राहिलो, आणि ते हसत राहिले.

उन्हं कलेपर्यंत शेत साफ झालं. नाल्याकडच्या कोपऱ्यात वाफाभर गवत तेवढं राहिलं होतं, कळ्या धरलेलं. मी वाकलो, तर काकांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे तेवढं."

"काका, फुलेल ना ते."

"म्हनून तं म्हन्तो. फुलं लागाच्या आत ये. मले एकट्याच्यानं नाई होत."

एकट्यानं गाव साफ करणारा हा माणूस. तो वाफा त्यांनी चहा उकळेपर्यंत संपवला असता. मी म्हटलं, "परवा येतो."

"परवा काहून," ते मातीचे हात झटकत म्हणाले, "उद्याच ये. रोडगे लय उरले."